गाडीला गोडं पाणी

दसरा झाला की आमच्याकडं ऊन पिसाळतं. पावसाळाभर दबून बसलेलं असतं ना, ते सगळं एकदम वसूल करतं. खाडीकाठच्या खाजणातली भातं पिवळी पडतात. खाडीवरच्या वाऱ्याला चिखलाचा आणि कापलेल्या पेंढ्याचा मिळून एक वास येतो, त्यात गोदामांकडच्या कंटेनरांचं डिझेलही मिसळलेलं असतं. बाहेरच्या माणसाला हा वास आवडायचा नाही. मला आवडायचा. आता मात्र तो नाकात शिरला की मी काहीतरी निमित्त काढून घरात जातो आणि सुनंदाच्या घोट्याजवळ बोट दाबून बघतो. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर पायात पाणी साठलंय असं समजायचं. ती पाय ओढून घेते. "अवो, नका चेपू सारकं. पिकलेला आंबा हाय काय मी?"

सुनंदा माझी बायको. लग्न होऊन ती कशेळीहून खारबावला आली, तेव्हा आमच्या दारात बैल होते. पुढं बैल गेले आणि जीप आली. थोडी जमीन गोदामाला भाड्यानं गेली, उरलेल्या खाजणात आम्ही अजून भात लावतो. लोक म्हणतात, "भाडं येतंय ना बसून? मग कशाला चिखलात मरता?" भात दुसऱ्याचा खावासा वाटत नाही, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर जीप. जुनी, डिझेलची, चारही चाकं ओढणारी. मी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. भाताचे भारे घेऊन बांधावरून वर चढताना पुढच्या चाकांचा गिअर टाकला की चारही चाकं चिखल फेकत वर यायची, आणि मला कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. रोज सकाळी आधी तिचं बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी बघायची, पट्टे दाबून बघायचे, मग चहा. चालवताना माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर. सुनंदा म्हणायची, "आमच्याकडं बगा येवडं येकदा." आम्ही दोघंही हसायचो.

गाडी तापणं आम्हाला नवं नव्हतं. तापली की थांबायचं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल करायचं, वाफ जाऊ द्यायची आणि कॅनमधलं पाणी ओतायचं. तो कॅन बोरिंगवर भरलेला असायचा. बोरिंगचं पाणी खारं. खाडी इतकी जवळ, दुसरं काय येणार? आमच्या घरात आईच्या वेळेपासून कायदाच होता: गोडं माणसाला, खारं ढोरांना. ढोरं गेल्यावर त्या जागी जीप बसली. नळाचं गोडं पाणी दिवसाआड यायचं, तेही पहाटे, करंगळीएवढ्या धारेनं. ते पाणी इंजिनात ओतणारा माणूस गावात वेडा ठरला असता. गाडीसाठी वेगळं पाणी दुकानात बाटलीत मिळतं हे मला ठाऊक होतं. पण गाडीला काय जीभ असते?

काही वर्षांमागच्या कापणीत एका दुपारी भारे घेऊन वर येताना मागं बघितलं, तर ढगच. पांढरा, ओला धूर. काटा लाल रेघेला टेकलेला. कशीबशी अंगणात आणली, तेलाची पट्टी ओढली, तर पट्टीवर तेल नव्हतंच, दुधाचा चहा होता. तेलात पाणी शिरलं होतं. हेड गॅस्केट गेलेलं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये ही एक पातळ पट्टी असते. पाणी पाण्याच्या वाटेनं जावं, तेल तेलाच्या वाटेनं, आणि आग आपल्या जागी राहावी, हे सगळं ती एकटी सांभाळते. चालतं तोवर ती आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. गेली की मग बोंबाबोंब.

मी सुनंदाच्या भावाला फोन केला. जनू कशेळीला एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. आला तो बोलतच आला. "भावोजी, गॅरेजला टाकलीत तर दिवाळी त्याची नि शिमगा तुमचा. आपन घरीच खोलू. आपल्या हाताखालून मोठमोठी मशिनं गेली, हिचं काय घेऊन बसलाव!"

सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी. अंगण तिनं नुकतंच शेणानं सारवून झोडपणीला तयार केलं होतं. "कापनीत कोन इंजिन खोलतंय काय? मना खळं पायजे."

"ताय, अर्धंच दे," जनू म्हणाला.

तिनं घरातून रांगोळी आणली आणि अंगणाच्या मधोमध सरळ रेघ ओढली. "ह्या रेघंच्या इकडं काळा ठिपका दिसला ना, तर जेवन बंद. दोगांचं."

मग तो आठवडा तसाच चालला. रेघेच्या एका बाजूला ती आणि दोन बायका भात झोडपतायत, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं इंजिनात डोकं घालून. तिकडून भुसा उडायचा आणि जनू ओरडायचा, "ताय, सिलिंडरमध्ये जातंय!" तिकडून उत्तर यायचं, "मंग तोंड मिट नि त्याच्यावर फडका टाक." पाण्याचे रबरी होज काढले, डिझेलचे पाइप काढले, रॉकर काढला. काडीसारखा प्रत्येक पुशरॉड ज्या जागेचा त्याच जागी परत जायला हवा, म्हणून जनूनं एका खोक्याला भोकं पाडून ते ओळीनं उभे खोचले. हेडचे बोल्ट एका बाजूनं सपासप काढायचे नसतात, कडेपासून आत, थोडे थोडे सैल करत यायचं, नाहीतर हेड वाकतं. मला हे सगळं इतकं आवडत होतं की काय सांगू. बायको उन्हात राबतेय आणि आपण सावलीत ताडपत्रीखाली खेळ मांडलाय, हे दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि मनाला लागणं वेगळं.

दुपारी सगळे ओटीवर जेवायला बसायचो. इथं एक सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षापासून सुनंदाला प्रेशर होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि मीठ कमी करा म्हणून बजावलं होतं. झालं! मी घरातला मिठाचा फौजदार झालो. तिचं कालवण अळणी, तिची भाकरी अळणी. पापड बंद, लोणचं बंद, सुकी मच्छी तर नावच नको. आमच्या माणसाला सुक्या बोंबलाशिवाय भाकरी म्हणजे शिक्षाच. त्या दिवसांतच एकदा, झोडपून झोडपून दमलेली ती ताटावर बसली आणि जनूच्या ताटातला भाजलेल्या बोंबलाचा तुकडा तिनं हळूच उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. बायकांसमोर, भावासमोर. वर बोललो, "तुला समजत नाही का? गोळ्या घेऊनही प्रेशर उतरत नाही, ते हे असं चोरून खातेस म्हणून."

"चोरून कुटं? तुमच्यासमोरच खाते," ती म्हणाली. सगळे हसले. मी नाही हसलो. मला आपण फार काळजी घेतो असं वाटत होतं. त्या बोंबलाचा तुकडा मी कुत्र्याला टाकला.

हेड निघालं. जनूनं ते उलटं करून गोणपाटावर ठेवलं. पाणी जायची भोकं कीड लागलेल्या दातांसारखी खाल्लेली, कडा गेलेल्या, आतून पांढरा खरखरीत थर. त्यानं नखानं थर खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला. हा माणूस असाच आहे. थुंकला आणि म्हणाला, "मीठ हाय, भावोजी. खाडी भरलीव तुम्ही हिच्यात."

हेड घासून सपाट करून घ्यायला आम्ही नारपोलीत नेलं. तिथं लूमचे भाग दुरुस्त करणारा एक लेथवाला होता. चारी बाजूंना लूमचा खडखडाट, त्यात त्याला ओरडूनच बोलावं लागलं. त्यानं हेड हातात फिरवलं आणि विचारलं, "भाई, गाडी समंदर में चलाते थे क्या?" जनूनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी हसलो. पण वाचलं हेड. मशिनखालून निघालं ते चकचकीत, तोंड दिसेल असं. नवं गॅस्केट घेतलं, इंजिन थंड ठेवायचं बाटलीतलं हिरवं औषध घेतलं, आणि जनूनं ताकीद दिली: आता ह्यात फक्त शुद्ध गोडं पाणी. नळाचंसुद्धा नको, फिल्टरचं.

आणि मी लगेच, त्याच तासाला, जारवाल्याला फोन लावला. कशाची वाट बघायची? गाडीचा प्रश्न होता. संध्याकाळच्या आत निळे जार जीपच्या बाजूला ओळीनं उभे राहिले. जनूनं हेड बसवलं होतं आणि आता तो मधल्या बोल्टपासून बाहेरच्या अंगानं, पाळीपाळीनं, जोर मोजणारा टॉर्क पाना लावून आवळत होता. मी जवळ उभा राहून पाने देत होतो. सुनंदा चहा घेऊन आली. डोक्यावर भुसा, कपाळावर घाम. जारांकडं बघून थांबली.

"पाव्हनं येनार हायत काय?"

"ताय, गाडीसाठी आनलंत भावोजींनी," जनू म्हणाला. "बोरिंगच्या पान्यानं पार खाल्लंय हिला."

"अगो बया! लयच नाजूक गाडी," ती हसायला लागली. "मी तर इतकी वर्सं त्येच पिते. मना कवा धूर काढताना बगितलंय काय?"

मी पण हसलो. हे मला विसरता येत नाही. बोलायची तऱ्हाच तिची अशी, की आधी हसू आलं. मोठ्यानं हसलो मी. मग बघितलं तर जनू हसत नव्हता. पाना बोल्टवर तसाच होता.

"काय पितेस तू?" त्यानं विचारलं.

"बोरिंगचं. भायेरच्या माठातलं."

"मंग गोडं?"

"गोडं यांना लागतं. चहाला, डाळीला. खाऱ्या पान्यात डाळ शिजत न्हाय. आलंगेलं मानूस असतंय. दिवसाआडचं पानी, पुरवायला नको?" तिला आम्ही असे का बघतोय ते कळत नव्हतं. "अवो, आत्याबाय पन त्येच प्यायच्या. सवय हाय. मना काय धाड भरलीय?"

आत्याबाई म्हणजे माझी आई. आमच्या घरात आत एक गोड्या पाण्याचा हंडा आणि बाहेर ओटीच्या कडेला खाऱ्याचा माठ, ही मांडणी आईची. बाहेर काम करणाऱ्या बायकांनी हात धुवायला, भांडी खंगाळायला बाहेरचं घ्यायचं. तहान लागली की तेच तोंडाला लावायचं. गोडं माणसाला, खारं ढोरांना असं मी लहानपणापासून ऐकत आलो. ह्या वाक्यात बाईमाणूस कुठं बसतं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

जनू उठला, माठाकडं गेला, तांब्या बुडवला. एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला. मग मी प्यायलो. पावसाळ्यात ते पाणी निवळतं, तेव्हा कधीकाळी चाखलं असेल, तेवढंच. ते आता तसं राहिलं नव्हतं. जीभ आकसली, घोट घशाखाली जाईना. वर्षावर्षाला ते खारट होत गेलं आणि तिची जीभ त्याच्याबरोबर सरकत गेली, म्हणून तिला कळलं नाही. मी रोज त्या माठाच्या बाजूनं जाऊन गाडीचं बॉनेट उघडायचो. मी तिच्या ताटात मीठ शोधत होतो, आणि ते होतं तिच्या पेल्यात. तांब्या हातात धरून मी तिथं उभा राहिलो आणि मला माझीच शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

जनूनं एक जार खांद्यावर घेतला. तिनं ओढलेली रांगोळीची रेघ ओलांडून, भात तुडवत, तो सरळ स्वयंपाकघरात गेला. ती ओरडली, "जन्या, पाय बग तुजे!" तो परत आला, बसला, बोल्ट आवळू लागला. इतकी बडबड करणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्यानं मला फक्त पान्यांचे नंबर सांगितले. तेरा द्या. सतरा द्या. मी देत गेलो. एकदाच मान वर न करता म्हणाला, "गाडीचा काटा तुम्ही रोज बगायचाव ना, भावोजी?"

त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी डिझेलमधली हवा काढली, किल्ली फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि सुरू झाली. असा आवाज, की शेजारचे येऊन बघून गेले. "घरी खोलून बसवली? कमाल हाय!" सुनंदानं नारळ फोडला. तिला खरोखरच आनंद झाला होता. मी रेडिएटरमध्ये बघत होतो. पाणी स्वच्छ, एक बुडबुडा नाही. तेवढं पाणी मी फोनवर दोन वाक्यं बोलून आणवलं होतं. तिच्यासाठीही ते दोन वाक्यांतच आलं असतं.

माठ मी त्या आठवड्यातच हलवला. घरात फिल्टर बसवला, बाहेर मोठी टाकी बसवली. आणि सुनंदा काय म्हणाली? "फिकं लागतंय हो. तहान भागत न्हाय." सुरुवातीला ती गोडं पाणी औषधासारखं तोंड करून प्यायची. सवयीचं असं असतं. जे सोसलं तेच चवीचं होऊन बसतं, आणि मग सोसणाऱ्यालाच वाटतं की आपल्याला तेच आवडतं. घरातल्या बाकीच्यांना ते सोयीचंच. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगायचो, "आमच्या हिची कशाबद्दल तक्रार नसते." कौतुकानं सांगायचो, अगदी पाहुण्यांना.

प्रेशर पुढं थोडं उतरलं, पण उशीर झाला होता. मूत्रपिंडं दमलीत, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या पाण्यानं असं होत नाही, प्रेशर जुनं होतं, वय आहे, आणखी कारणं असतात, असंही म्हणाले. हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. शेवटी ते वैतागले. "काका, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?" सुनंदाच म्हणाली, "त्यांचं सोडा डॉक्टर, त्यांना घोर लावून घ्यायची सवय हाय." तिनं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. भांडायला काय, ती भांडते. खळ्यात ग्रीस सांडलं त्यावरून अजून भांडते. पण ह्यावरून नाही. त्यामुळं मला माफीसुद्धा मागता येत नाही. एकदा विषय काढला तर म्हणाली, "तुम्ही काय मुद्दाम केलाव?" मुद्दाम केलं असतं तर निदान तिच्याकडं एकदा बघून तरी केलं असतं.

यंदापासून तिला पाणी मोजून द्यायचं आहे. पायात पाणी साठतं, दम लागतो, म्हणून डॉक्टरांनी तसं बांधून दिलंय. सकाळी एक बाटली भरायची, तेवढ्यात दिवस काढायचा. चहा त्यातच, गोळ्या त्यातच. घरात आता नळ कधीही उघडा, गोडं पाणी येतं. गाडी धुतो आम्ही त्यानं. बाटली मात्र मी भरतो आणि मीच सांभाळतो. मी पुन्हा फौजदार झालोय.

परवा खाजणात कापणी होती. "तू घरी थांब," म्हटलं तर ऐकेना. "माजं भात मना बगू देनार न्हाय काय?" मग जीपमध्ये बसवून नेली. बांधावर गाडीच्या सावलीत तिला खुर्ची दिली. बसते कसली! विळा नाही घेतला, पण पेंढ्या बांधणाऱ्यांना सांगत, ओरडत, बांधावरून इकडून तिकडं. ऊन म्हणजे कहर. दुपार कलायच्या आधीच तिची बाटली संपली. ती येऊन खुर्चीत टेकली, पदरानं तोंड पुसलं, ओठांवरून जीभ फिरवली. गाडीत मागं पाण्याचा भरलेला जार होता, कापणाऱ्या माणसांसाठी. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अवो," ती म्हणाली, "येक घोट द्याल काय?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं पाणी मागितल्याचं मला आठवत नाही. पाणी तीच द्यायची.

मी नाही म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा पेंढ्या बांधणाऱ्यांकडं बघायला लागली. मलाही तहान लागली होती. तिच्यासमोर पिववेना. मी गाडीच्या मागं गेलो आणि तिला दिसणार नाही असा, खाली बसून, प्यायलो.